तेरा वर्षांचा मुलगा, हिरोची सिगारेट आणि बाबांची

पत्राचा सारांश

पत्रलेखिका कोथरूडला राहतात, नोकरी करतात. मुलगा आठवीत, नुकतीच त्याला तेरा पूर्ण झाली. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेने घरातल्या सगळ्या पोरांसाठी एका गाजलेल्या मारधाडपटाची तिकिटं काढली. सिनेमाला ‘यूए १३+’ प्रमाणपत्र होतं, पण त्यातला हिरो पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत सिगारेट ओढतो असं बाईंच्या वाचनात आलं होतं. ऐनवेळी त्यांनी मुलाला पाठवलं नाही. नणंद दुखावली. ‘सरकारने चालेल म्हणून लिहून दिलंय, वहिनी, तुझं आपलं काहीतरीच,’ असं सगळ्यांसमोर म्हणाली. मुलाने दोन दिवस अबोला धरला आणि पुढे सिनेमा ओटीटीवर आल्यावर मित्राकडे जाऊन तो पाहिलाच. आता त्याच्या डीपीवर तो हिरो लायटर पेटवताना दिसतो. आरशासमोर ओठांत पेन्सिल धरून, एक भुवई वर करून पोरगा उभा राहतो. वडील हसतात: ‘आम्हीही लहानपणी फँटमच्या पेपरमिंटच्या कांड्या ओठांत धरून हिरो व्हायचो. आम्ही काय बिघडलो?’

बाई विचारतात: मी अतिरेक केला का? असे सिनेमे सरळ ‘ए’ का करत नाहीत? घरात असले सिनेमे बंद करावेत का? पत्राच्या अगदी शेवटी, कंसात, एक ओळ आहे: ‘यजमान ऑफिसातून येताना मित्रांबरोबर एखादी ओढतात. घरात कधीच नाही. मुलाला माहीत नाही.’

उत्तर

प्रिय ताई,

आधी नणंदबाईंच्या वाक्याचं बघू, कारण ते एकट्या त्यांचं नाही. सरकारने चालेल म्हणून लिहून दिलंय, असं पुष्कळांना वाटतं. तसं कुणी लिहून दिलेलं नसतं. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि जुन्या ‘यूए’चे तीन भाग पडले: ७+, १३+ आणि १६+. त्याआधी बारा वर्षं ही एकच रेघ होती. सिनेमा ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्या मुलाला थिएटरवाल्यांनी आत सोडायचंच नसतं. यूएचं तसं नाही. तो आकडा पालकांसाठी असतो. त्या वयाखालच्या मुलाला न्यायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं, दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाने नाही.

तुमचा मुलगा तेराचा झालाय, तेव्हा कागदावर नणंदबाईंची बाजू खरी म्हणता येईल. पण तो आकडा कशाचा आहे तेही बघा. मारामारी, रक्त, शिव्या, भीती, शरीरसंबंध, नशा हे सगळं एकत्र धरून वयाची एकच खूण दिली जाते. तेवढ्यावरून सिगारेट किती आणि कशी दाखवली आहे, हे तुम्हाला कळत नाही. सेन्सॉर बोर्डाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तंबाखूला उत्तेजन देणारी किंवा तिचं आकर्षण वाढवणारी दृश्यं नकोत असं लिहिलेलं आहे, हे खरं. तरीही पाऊस, स्लो मोशन, मागे ढोल आणि मधोमध लायटरची ज्योत असा प्रसंग यूए घेऊन सुखरूप बाहेर पडतो. त्याने आकर्षण वाढत नसेल तर दुसरं काय होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तेव्हा तुम्ही सरकारच्या वर वगैरे गेला नाहीत. जे काम कायद्याने आईवडिलांवर टाकलंय, ते केलंत. कसं केलंत यावर पुढे बोलते.

आता ‘ए’ का नाही. जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं हेच मागते आहे: तंबाखू दाखवणाऱ्या सिनेमांना प्रौढांचं प्रमाणपत्र द्या. आपल्याकडे वेगळाच रस्ता धरला गेला. २००५ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पडद्यावर धूम्रपान दाखवायलाच बंदी घातली. महेश भट कोर्टात गेले आणि २००९च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. मग इशाऱ्यांचा मार्ग आला. २०१२पासून आपण पाहतोय तो प्रकार: सुरुवातीला आणि मध्ये तीस-तीस सेकंदांच्या फिल्म, वीस सेकंदांचं निवेदन आणि सिगारेट पडद्यावर असेपर्यंत खाली पट्टी. २०१३ मध्ये अमेरिकी दिग्दर्शक वुडी ॲलनने या पट्टीपायी आपला नवा सिनेमा भारतात लावूच दिला नाही. १ सप्टेंबर २०२३पासून ओटीटीलाही हेच नियम लागू झाले. निर्मात्यांना हा सौदा परवडतो. ‘ए’ घेतलं की अठराच्या आतलं सगळं गिऱ्हाईक आणि त्याच्याबरोबर येणारं कुटुंब हातचं जातं. पट्टीने एक तिकीटही कमी होत नाही.

पट्टीचा उपयोग किती, हे आठवीच्या वर्गात जाऊन विचारा. मुकेशच्या जाहिरातीची नक्कल न येणारा मुलगा सापडणं कठीण. आपल्या भुसावळचा तो तरुण, चोविसाव्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरने गेला, आणि पोरांनी त्याचा विनोद करून टाकला. मला याचा राग येतो, पण पोरांवर नाही. तीच फिल्म वर्षानुवर्षं दाखवली तर दुसरं काय होणार? शिवाय मुकेश गेला तो तंबाखू खाऊन, सिगारेटने नव्हे, हे किती जणांच्या लक्षात राहिलंय? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक तंबाखू वापरत होते आणि त्यातले बहुतेक ती चघळणारे होते. पडद्यावरच्या हिरोच्या ओठांत मात्र सिगारेट. गुटख्याची पुडी दातांनी फाडणारा हिरो कुणी स्लो मोशनमध्ये दाखवत नाही, कारण त्यात कसली ऐट! म्हणजे सिनेमातली सिगारेट ही आपल्या आजूबाजूचं खरं चित्र म्हणून आलेली नाही. ती शोभेला आणलेली आहे.

सरसकट ‘ए’ मात्र मला पटत नाही. गिरणीतून बाहेर पडून विडी पेटवणारा कामगार किंवा खऱ्या आयुष्यात पाइप ओढणारा एखादा थोर माणूस पडद्यावर आला, तर तो सिनेमा सोळा वर्षांच्या मुलीने का पाहू नये? जिथे सिगारेट हा हिरोचा दागिना आहे, तिथे १६+ द्यावं आणि का दिलं ते प्रमाणपत्रावर स्पष्ट शब्दांत छापावं, इतपत मी मागेन. पण हे झालं कायद्याचं. तुमच्या घरापुरतं पाहिलं तर ‘ए’ने काय झालं असतं? थिएटरचं दार बंद झालं असतं. मित्राच्या घरचं दार उघडंच होतं.

अतिरेकाच्या प्रश्नाकडे येते. सिनेमातल्या सिगारेटने मुलांवर परिणाम होतो, ही काही जुन्या पिढीची कुरकूर नाही. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांतला एक अभ्यास छापून आला. दहा ते चौदा वयाची, कधीच सिगारेट न ओढलेली अडीच हजारांवर मुलं घेतली, त्यांनी कोणकोणते सिनेमे पाहिलेत याचा हिशोब मांडला आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. ज्यांनी पडद्यावर सगळ्यांत जास्त धूम्रपान पाहिलं होतं, त्यांच्यात सिगारेट ओढून पाहण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी पाहिलेल्यांच्या अडीच पटींहून अधिक निघालं, आणि हे इतर कारणं वजा केल्यावर. दिल्लीतल्या बारा शाळांमध्ये हिंदी सिनेमांवर झालेला असाच अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही सगळ्यांत जास्त पाहणाऱ्यांत तंबाखूचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने सिनेमातलं धूम्रपान हे तरुणांमधल्या धूम्रपानाचं एक कारण आहे, असं स्पष्ट लिहिलं. नुसता योगायोग नाही, कारण. आणि तेराव्या वर्षी हे बोलणं फार लवकर होतं, असंही नाही. आपल्या देशात २०१९च्या पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांपैकी साडेआठ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती.

म्हणजे तुमची काळजी खोटी नाही. मात्र या अभ्यासांत एका सिनेमाचा हिशोब नाही, वर्षानुवर्षं साचत गेलेल्या पाहण्याचा आहे. दिवाळीतला तो एक सिनेमा टळला असता किंवा न टळता, तरी फारसा फरक पडला नसता. तुम्ही एका खेळावर सगळा जोर लावलात, आणि पोराने तो खेळ मित्राकडे जाऊन जिंकला.

‘लॅन्सेट’मधल्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. सिनेमाचा परिणाम कुणावर जास्त झाला? ज्यांचे आईवडील सिगारेट ओढत नव्हते, त्या मुलांवर. ‘चांगल्या घरातली मुलं, त्यांना काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि ज्यांच्या घरात कुणी ओढत होतं, त्यांच्यावर सिनेमाचा परिणाम तुलनेने कमी का? अशा घरांतल्या मुलांना सिगारेटकडे जाण्याचा धोका आधीपासूनच जास्त असतो. पडद्याने त्यात भर घालायला जागा कमी उरते.

म्हणून मला तुमच्या कंसातल्या ओळीबद्दल बोलायचंय.

‘मुलाला माहीत नाही’ असं तुम्ही लिहिता. ताई, तेरा वर्षांच्या मुलाला घरातल्या कपाटात फराळाचा डबा कुठे लपवलाय ते माहीत असतं. वडील घरी आल्याआल्या तडक बेसिनकडे का जातात, खिशात कायम बडीशेप का असते, शर्टाला कसला वास येतो, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे: हा विषय या घरात काढायचा नाही. सिनेमातल्या हिरोबद्दल आई दहा वाक्यं बोलते आणि बाबांबद्दल एकही नाही, यातून तो जे शिकायचं ते शिकलेला असणार.

तुमच्या यजमानांना दोषी धरायला मी हे लिहीत नाही. ‘आम्ही काय बिघडलो’ हे ते मनापासून म्हणत असतील. पण ते कांड्यांबद्दल हसत असतील तेव्हा त्यांना एकदा, चिडून नव्हे, विचारून बघा, की त्या कांडीपासून ऑफिसजवळच्या टपरीपर्यंतचा प्रवास नेमका कसा झाला? पहिली कुणी दिली? कितव्या वर्षी? रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ नव्वद टक्के लोकांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते, असं अमेरिकेतली आकडेवारी सांगते. तुमच्या यजमानांची गोष्ट फार वेगळी निघणार नाही. तीच गोष्ट मुलाच्या कानावर त्यांच्या तोंडून पडली, तर कॅन्सरच्या दहा फोटोंपेक्षा जास्त काम करेल. त्यासाठी समोर बसवून प्रवचन नको. स्कूटरवरून क्लासला सोडताना, किंवा रविवारी टेकडीवर जाताना, दोघांची तोंडं पुढे असताना बोलणं सोपं जातं. ‘मी ओढतो. मित्रांबरोबर सुरू केली, वाटलं होतं केव्हाही सोडू. सोडायला बघतोय, जमत नाहीये.’ एवढंच. ‘माझा कंट्रोल आहे’ हे वाक्य मात्र गाळायला सांगा. पोरांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

ते सोडायला तयार असतील तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच चालवलेली. तयार नसतील तर तुम्ही मुलाकडे त्यांची चहाडी करू नका, आणि मुलाने सरळ विचारलं तर खोटंही बोलू नका. ‘बाबांनाच विचार’ हे उत्तर चालेल. मुलाला वडिलांवर नजर ठेवायला लावणं हा तर कहर होईल. काही घरांत ते चालतं, म्हणून सांगितलं.

आता पोरगा आणि ती पेन्सिल. मला त्यात धूर दिसत नाही. तेराव्या वर्षी आवाज फाटतो, हात अचानक लांब होतात आणि ते ठेवायचे कुठे हे कळत नाही. तो हिरो मात्र कधीच गोंधळत नाही, त्याच्या हातांना कायम काम असतं. पोराला सिगारेट हवी आहे की तो निवांतपणा? नाटक करणाऱ्या कुणालाही विचारा. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत नव्या मुलांची सगळ्यांत मोठी अडचण हीच असते, की संवाद नसताना हातांचं काय करायचं. सिगारेट हा नटाला मिळालेला सोपा तोडगा आहे. ती काढायची, ठोकायची, पेटवायची, धूर सोडायचा. तेवढ्यात न बोलता अर्धं मिनिट जातं आणि माणूस काहीतरी गहन विचार करतोय असं वाटतं.

हे सगळं तुमच्या मुलाला आवडेल, कारण त्याला सिनेमा आवडतो. म्हणून सिनेमे बंद करू नका; उलट तोच सिनेमा पुन्हा लावा आणि त्याच्या शेजारी बसा. लायटरचा प्रसंग आला की आवाज बंद करून टाका. ढोल गेले, पार्श्वसंगीत गेलं, की एक माणूस वाऱ्यात लायटर पेटवायची धडपड करताना दिसतो, आणि बहुधा दोघंही हसाल. मग त्यालाच शोधू द्या: दिवा कुठे ठेवलाय? धूर इतका सुंदर दिसतो तो मागून प्रकाश टाकल्यामुळे. एवढ्या सिगारेटी ओढून हिरो एकदाही खोकत का नाही? विलनमागे तीन मजले धावूनही त्याला दम का लागत नाही? हिरॉइनला वास येत नाही का? तेरा वर्षांच्या मुलाला ‘तुझी फुप्फुसं जातील’ म्हटलं तर फुप्फुसं जायला चाळीस वर्षं आहेत असं तो मनात म्हणतो. ‘तुला कुणीतरी गंडवतंय’ म्हटलं तर कान टवकारतो.

आणि गंडवल्याचे पुरावे आहेतच. १९८३ साली हॉलीवूडचा हिरो सिल्व्हेस्टर स्टॅलोनने एका सिगारेट कंपनीला पत्र लिहून, पाच लाख डॉलरच्या बदल्यात किमान पाच सिनेमांत त्यांचा माल वापरायची हमी दिली होती. कंपन्यांची कागदपत्रं पुढे उघड झाली तेव्हा ते पत्रही जगासमोर आलं. सिगारेट कंपन्या आणि तिथली राज्यं यांच्यात १९९८ साली झालेल्या करारानंतर अमेरिकेत पैसे देऊन सिनेमात सिगारेट घुसवायला बंदी आली. आपल्याकडे तंबाखूच्या जाहिरातीला २००३च्या कायद्यानेच मनाई आहे. पण हिरोच्या ओठांतली ती कांडी कुणाच्या तरी खिशातल्या पैशांवर तिथे पोचत होती, ही गोष्ट पोरांना एकदा कळली की ती विसरत नाहीत. पुण्यात राहून सिनेमा असा उलगडून न बघणं म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न शिकणं आहे. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रोडला चित्रपट संग्रहालय आहे, सिनेमा कसा बघायचा हे शिकवायची इथे मोठी परंपरा आहे. ते वर्ग मोठ्यांचे असतात, पण त्या वर्गांतून गेलेला एखादा काका-मामा कोथरूडमध्ये सापडणं अवघड नाही. पोराला तासभर त्याच्या हवाली करा.

डीपी बदलायला लावू नका. ‘मला हा फोटो बघवत नाही’ असं एकदा म्हणा आणि सोडून द्या. सक्तीने काढलेला फोटो तुम्हाला न दिसेल अशा ठिकाणी जातो, एवढाच फरक. खरी मेख फोटोत नाही, रील्समध्ये आहे. सिनेमाला पट्टी आहे, ओटीटीला पट्टी आहे, सिनेमाच्या जाहिरातीत तंबाखू दाखवायला मनाई आहे. पण चाहत्याने कापलेल्या पंधरा सेकंदांच्या तुकड्यात उभ्या चौकटीपायी पट्टीही कापली जाते आणि उरतो फक्त लायटर. तो तुकडा पोरगा एका संध्याकाळी कितीदा पाहतो याला गणती नाही, आणि तिथे ना यूए ना ए. मला विचाराल तर तीन तासांच्या सिनेमापेक्षा मी या तुकड्यांना जास्त भ्यायला हवं असं म्हणेन. निदान सिनेमात हिरोला आई असते.

ओटीटीचं लॉक जरूर लावा. २०२१च्या नियमांप्रमाणे १३+ आणि त्यावरच्या मजकुरासाठी पालकांना लॉकची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पण लॉक तुमच्या टीव्हीला लागतं, मित्राच्या नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबून राहू नका. लहान भावंडं असतील त्या घरांत त्याचा उपयोग जास्त. सातवी-आठवीपुढच्या मुलांसाठी मी सुचवेन ते असं: सिनेमा ठरायच्या आधी तो तुम्हाला सांगेल, तुम्ही दोघं मिळून माहिती वाचाल, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर कारण द्याल. ‘नाही’ वर्षातून एक-दोनदाच वापरा. दिवाळीत तुमचं चुकलं असेल तर एवढंच, की तिकिटं निघाल्यावर आणि चारचौघांत ‘नाही’ आलं. मुलाला सिनेमा हुकल्यापेक्षा आतेभावंडांसमोर लहान ठरल्याचं दुःख जास्त झालं असणार. हे त्याच्याशी बोला. आणि नणंदबाईंना सांगा, पुढच्या वेळी तिकिटं काढायच्या आधी फोन करा, मीही येते. बरोबर बसून पाहिलेल्या सिनेमावर घरी येताना बोलता येतं. मध्यंतरात पॉपकॉर्नचे पैसे तुम्ही दिलेत तर त्यांची नाराजीही बरीचशी उतरेल.

एक वाकडी वाट घेते. हा प्रश्न मुलगे असलेल्या आया विचारतात. मुलीच्या आईने ‘माझ्या मुलीने सिगारेट ओढणारी हिरॉइन पाहिली’ असं लिहिलं, की पत्राचा सूर आरोग्याकडून एकदम अब्रूकडे वळतो. कृपा करून तसं करू नका. मुलगी सिगारेट ओढून ‘वाया’ जात नाही, आजारी पडते, मुलासारखीच. सिगारेटला स्वातंत्र्याची खूण बनवायचा खेळही जुनाच आहे: १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींनी सिगारेटी पेटवल्या, ती कल्पना एका तंबाखू कंपनीसाठी प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेझच्या डोक्यातून निघालेली होती. ही गोष्ट मुलींना सांगा. अब्रूची गोष्ट सांगितलीत तर त्या बंड म्हणून ओढतील, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

शेवटी टपरी. पडद्यावर पाहिलेली सिगारेट हातात येते ती टपरीवरून. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विकायला बंदी आहे. मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२०पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायलाही मनाई आहे, आणि हा नियम मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा आहे: पाकिटाला पैसे पुरत नाहीत, सुटीला पुरतात, आणि सुटीवर तो भयंकर फोटोही छापलेला नसतो. ई-सिगारेट तर २०१९पासून देशभर बंद आहे. हे सगळं कागदावर. तुमच्या मुलाच्या शाळेच्या आणि क्लासच्या वाटेवर एकदा संध्याकाळी चालत जा आणि काय दिसतं ते बघा. दिसलंच, तर टपरीवाल्याशी भांडत बसू नका; वर्गातल्या आठ-दहा पालकांच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांना पत्र द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका. सह्यांमध्ये यजमानांची सही पहिली असू द्या.